कुत्र्यांबरोबर तोरणा ते राजगड

ही व्याख्यानमाला इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-बंगळुरापर्यंतची मराठी माणसं पाहतात, असं मला सांगण्यात आलं. मीही महाराष्ट्राबाहेरचाच. बेळगावात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली, २०१५ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि रेजिमेंटचं केंद्र जिथं आहे तिथंच घर बांधलं.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना बहुतेक काश्मीरच्या गोष्टी हव्या असाव्यात. मी म्हटलं, मी कुत्र्यांवर बोलतो. फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "लष्करी कुत्री का?" म्हटलं, नाही, घरची. आणि एक वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवरचा.

कारण असं आहे की गेली पाच-सहा वर्षं मला दर महिन्याला एखादा तरी फोन येतो. ओळखीच्या ओळखीतून. "कर्नलसाहेब, आमच्या लॅबला घेऊन अमुक गड करायचाय, तुम्ही केलाय ना?" मी केलाय. कसा केलाय ते मात्र फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून आज सांगतो.

ज्यांनी सह्याद्री पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा नकाशा. पुण्याच्या नैर्ऋत्येला, साठेक किलोमीटरवर, तोरणा आणि राजगड हे दोन गड शेजारी शेजारी उभे आहेत. दोन्ही १३०० मीटरच्या वर. तोरणा शिवाजी महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेला, आणि राजगड ही त्यांची रायगडाआधीची राजधानी. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत राजगड आहे, तमिळनाडूतला जिंजीही आहे. तोरणा नाही. मला याचं वाईट वाटतं, पण तो आजचा विषय नाही.

या दोन गडांना जोडणारी एक डोंगरधार आहे. तोरण्याच्या कोकण दरवाज्यातून बाहेर पडायचं, बुधला माची गाठायची, तिथून कातळ आणि एक लोखंडी शिडी उतरायची, की पुढं धार सुरू होते. खाली-वर, खाली-वर करत ती एका खिंडीत उतरते. तिथं डांबरी रस्ता आडवा येतो. रस्ता ओलांडून पुन्हा चढ, आणि शेवटी राजगडाच्या संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून आत. गड ते गड सहा ते आठ तास धरावेत. धारेवर गवत आणि कारवी, झाडाची सावली जवळजवळ नाही. उन्हाळ्यात पाणीही नाही. काही ठिकाणी वाट इतकी अरुंद की दोन्हीकडे दरी आणि मधे घसरणारा मुरूम. माणसाला फार अवघड नाही. सवयीचा माणूस एका दिवसात करतो.

माझ्याकडे तेव्हा दोन कुत्री होती. बंड्या, काळा लॅब्राडोर, सात वर्षांचा, ३४ किलो. आणि तारा, मुधोळ जातीची, तीन वर्षांची. मुधोळ बेळगावपासून फार लांब नाही. या जातीला महाराष्ट्रात कारवानी म्हणतात. बारीक अंगाची, लांब पायांची, वासापेक्षा नजरेनं शिकार करणारी. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं होतं आणि पुढं लष्करानंही मुधोळची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. तर तारा अशी खानदानी, आणि बंड्या खादाड. दोघं रोज सकाळी माझ्याबरोबर पाच किलोमीटर चालत. मला वाटलं, एवढी तयारी पुष्कळ झाली.

मार्च २०१९. मी, माझा पुतण्या आणि त्याचा मित्र. वेल्ह्यात चहा घेऊन पहाटे निघायचं होतं, निघालो सहाला. टपरीवरचा एक तांबडा गावठी कुत्रा आमच्यामागं लागला. ट्रेकवाल्यांनी त्याला तीन-चार नावं दिली होती, टपरीवाला मोत्या म्हणायचा. पुतण्यानं त्याला बिस्किटं घातली, झालं. मोत्या आमच्या पुढं चालू लागला, जणू तोच आम्हाला नेतोय.

पहिली चूक मोत्याचीच सांगतो, म्हणजे आमची. गावचा कुत्रा मागं आला की आपल्याला फार बरं वाटतं. फोटो निघतात. पण तो वेल्ह्याचा आहे, आणि आपण त्याला दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडतो. तिथली कुत्री त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत. रात्री बिबट्या असतो, आणि बिबट्याला कुत्र्यासारखं सोपं भक्ष्य नाही. आपण गाडीत बसून पुण्याला जातो. हा विचार त्या सकाळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

तोरण्यावर पोचायला नऊ वाजले. बंड्याची जीभ लोंबत होती, पण शेपूट हलत होती. मेंगाई देवीच्या देवळापाशी तासभर बसलो. तो तासही चुकीचा, कारण ऊन आमच्यासाठी थांबणार नव्हतं.

बुधला माचीकडे जाताना ताराला खाली उतारावर काहीतरी हललेलं दिसलं. ससा असावा. मला काही दिसलं नाही, पण नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्याला दिसतं, आणि ते दिसलं की त्याला मालक, नाव, बिस्किट काही ऐकू येत नाही. तिचा पट्टा पुतण्यानं हात मोकळे राहावेत म्हणून कमरेला बांधला होता. तारानं झेप घेतली आणि हा पोरगा पालथा पडून मुरमावरून घसरत गेला. कडेपासून दीड-दोन हातांवर एका कारवीच्या जाळीनं दोघांना अडवलं. कोपर सोललं, एवढंच. कडेच्या वाटेवर कुत्र्याचा पट्टा अंगाला बांधू नये. हातात धरावा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. ऐकायला क्रूर वाटतं. पण दोघं गेल्यापेक्षा एक वाचलेला बरा.

मग शिडी. आता मंडळी, कुत्रा डोंगर चढतो, कातळावरही चढतो, पण लोखंडी शिडी त्याला उतरता येत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. मी नकाशा वाचला होता, वाट विचारली होती, पाणवठे विचारले होते. कुत्र्याच्या नजरेनं वाट वाचली नव्हती. ताराला पुतण्यानं पाठीवरच्या मोठ्या सॅकमध्ये बसवलं, मुंडकं बाहेर, आणि उतरवलं. मोत्या बाजूच्या कातळावरून कसा कुणास ठाऊक, खाली जाऊन आमची वाट पाहत बसला. राहिला ३४ किलोंचा बंड्या. गळ्यातल्या पट्ट्याला दोर बांधून सोडला असता तर फास बसला असता. शेवटी चादरीत गाठोडं बांधलं, त्याला दोर लावला, आणि मी वरून, मित्र खालून, असा एक एक पायरी उतरवला. तो थरथरत होता, पण हूं की चूं केलं नाही. यात पाऊण तास गेला, आणि आमचं बरंचसं पाणी. आता माझ्याकडे छाती-पोटाला बसणारा, पाठीवर मूठ असलेला पट्टा आहे. दुकानात मिळतो, महाग नाही. तो नसेल तर शिडीच्या वाटेला कुत्रा नेऊच नका.

खिंडीच्या अलीकडे धारेवर धनगरांची दोन-तीन घरं आहेत. तिथं ताक आणि सरबत मिळतं. आम्ही पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. एक आजी होत्या, सत्तरीच्या. त्यांच्या दोन कुत्र्यांनी मोत्यावर झडप घातली आणि त्याचा कान फाडला. आजींच्या नातवानं दगड मारून सोडवलं. मोत्या लांब जाऊन बसला. बंड्या मात्र आल्या आल्या ओट्याच्या सावलीत शिरला, पायानं माती उकरली आणि पोट टेकवून पडला. पुतण्यानं त्याला बिस्किट दिलं. बंड्यानं ते घेतलं नाही.

सात वर्षांत बंड्यानं बिस्किट नाकारलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "सायेब, ह्याला हितंच ऱ्हाऊ द्या. लई तापलंय ते." मी म्हटलं, "आजी, आता थोडंच राहिलंय. दमलाय जरा." त्या म्हणाल्या, "तुमी दमला तर तोंडानं सांगाल. त्ये कुत्रं हाय. त्ये न्हाई म्हनत न्हाई." पुतण्याही म्हणाला, "काका, खाली रस्ता आहे, गाडी इथंच बोलावू." गाडी आमची पलीकडे गुंजवण्याला उभी होती. मी उठलो. ताकाचे पैसे दिले आणि "चल बंड्या" म्हटलं. तो उठला आणि माझ्यामागं आला.

इथं मला थोडं लष्कराचं सांगायला हवं. लांब मार्च झाला की आमच्याकडे एक रिवाज आहे. प्लटून कमांडर जवानांची बूट-मोजे काढून पाय तपासणी करतो. स्वतः, हातानं. फोड आलाय का, नख गेलंय का, बुरशी आहे का. मी तरुण लेफ्टनंट असताना मला याची लाज वाटायची, इतक्या माणसांच्या पायांत नाक खुपसायचं म्हणून. आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "साहेब, जवान तुम्हाला कधी सांगणार नाही की पाय दुखतोय. मराठा गडी आहे, पडेल पण सांगणार नाही. म्हणून बघायचं काम तुमचं." मी ते काम पुढं सगळी वर्षं केलं. बंड्याचा पंजा त्या दिवशी मी एकदाही उचलून पाहिला नाही. खिंडीतला रस्ता ओलांडताना तो डांबरावर पाय झटकत होता. मला वाटलं, खडा बोचला.

त्या वेळी हात जरी डांबरावर टेकवला असता तरी कळलं असतं. आपला तळहात पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथून चालवायचं नाही. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना येतो थोडासा. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. भट्टीसारखी हवा, काळं अंग, वय सात, वजन ३४ किलो. हा हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमला असता.

रस्त्यापासून अर्धा तास चढलो असू. बंड्याचे मागचे पाय वाकडे पडू लागले. जीभ रुंद आणि गडद लाल झाली, तोंडाला चिकट फेस. मग तो वाटेतच बसला, आणि बसला तो आडवा झाला. हाक मारली तर डोळे माझ्याकडे वळले, शेपूट एकदा हलली. त्या परिस्थितीतसुद्धा.

आमच्याकडे दीड लिटर पाणी होतं. मित्र त्याच्या तोंडात पाणी ओतायला निघाला, ते मी अडवलं. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. पाणी अंगावर घालायचं. पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर, आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, त्यानं वाफ कोंडते. दीड लिटर दोन मिनिटांत संपलं.

पुतण्या नेटवर्क शोधायला वरच्या टेपाडावर पळाला आणि ड्रायव्हरला खिंडीत यायला सांगितलं. त्याला वेल्ह्याकडून वळसा होता, तासभर तरी लागणार होता. मग तो आजींच्या घरी धावला. नातू आला, दोन काठ्या आणि एक घोंगडी घेऊन. काठ्या-घोंगडीचं स्ट्रेचर करायला मी शेकडो जवानांना शिकवलंय. त्या दिवशी गाठी मारताना माझे हात कापत होते.

खिंडीतून त्याला सरळ आजींच्या सावलीतच नेला. त्यांनी काही विचारलं नाही. घरातला हंडा उचलला आणि बंड्याच्या पोटावर रिकामा केला. मग दुसरा. तिसऱ्याला मीच नको म्हटलं, कारण नातू तोवर मला सांगत होता की पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागतं, जाऊन-येऊन तास जातो, आणि झरा एप्रिलात आटतो. आजींनी तिसराही ओतला. जाताना मी पैसे पुढं केले तर त्या म्हणाल्या, "ताकाचं दिलंसा न्हवं मगाशी." घेतले नाहीत.

पुण्यात दवाखान्यात पोचेपर्यंत साडेपाच झाले. गाडीत खिडक्या उघड्या ठेवून, वाटेत दोनदा पाणी घेऊन अंग भिजवत नेलं, तरी ताप १०४ होता. कुत्र्याचा नेहमीचा १०१-१०२ असतो. डॉक्टरांनी सलाइन लावलं. मला एकच गोष्ट तेव्हा नवी कळली, ती सांगतो. कुत्रा उठून उभा राहिला म्हणजे संकट टळलं असं नसतं. उष्माघातानंतर पुढचे दोन-तीन दिवस मूत्रपिंड, यकृत, रक्त गोठणं यांत बिघाड होऊ शकतो. म्हणून डोंगरावर थंड करायचं आधी, पण दवाखान्यात न्यायचंच. चार पंजांपैकी तिघांची कातडी सुटली होती. बंड्या पाचव्या दिवशी घरी आला.

मोत्याची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. त्या गडबडीत तो खिंडीतच राहिला होता. टपरीवर फोन केला. टपरीवाला म्हणाला, "अजून न्हाई आला, सायेब. येईल. न्हाई आला तर न्हाई. याचा भाऊ असाच गेल्ता राजगडला, दोन वर्षं झाली." मोत्या चौथ्या दिवशी आला, फाटक्या कानानं, लंगडत.

बंड्याची मूत्रपिंडं २०१९ च्या पावसाळ्यापासून बिघडत गेली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तो गेला. त्या दिवसामुळेच का, असं मी बेळगावच्या डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. आमची सौभाग्यवती तेव्हा काही महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

लोक मला सांत्वन म्हणून धर्मराजाच्या कुत्र्याची गोष्ट सांगतात. द्रौपदी पडली, भाऊ पडले, कुत्रा शेवटपर्यंत बरोबर. मला ती गोष्ट आवडते, पण त्या कुत्र्याला कुणी पट्टा बांधून नेलं नव्हतं.

पुन्हा जायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते मोडलं २०२१ च्या डिसेंबरात. तारा तेव्हा पाच वर्षांची होती आणि डोंगरात तिच्या अंगात जे येतं ते बेळगावच्या मैदानावर येत नाही, हे मला दिसत होतं. या वेळी दोन महिने आधीपासून दगडमातीच्या टेकडीवर चालवून तिचे पंजे घट्ट करून घेतले. गोचिडीचं औषध लावलं. धारेवर परवानगीचा प्रश्न नव्हता, पण एक सांगून ठेवतो, अभयारण्यात कुत्रा न्यायचा नाही, आणि गडावर जे कर्मचारी असतील त्यांना आधी विचारायचं. तिच्यासाठी वेगळं पाच लिटर पाणी घेतलं, ते माझ्या पाठीवर. गाडी गुंजवण्याला नाही, खिंडीत ठेवली. वेल्ह्यात मोत्या होता, तोंडावर पांढरे केस आलेला. टपरीवाल्याला सांगून त्याला आम्ही निघेपर्यंत बांधून ठेवायला लावलं. तो जाम ओरडला. बिस्किट कुणी दिलं नाही.

पहाटे साडेतीनला टॉर्च घेऊन निघालो. उजाडताना तोरण्यावर, न रेंगाळता पुढं. शिडीवर मुठीचा पट्टा आणि दोर, दहा मिनिटांत तारा खाली. समोरून ट्रेकवाले आले की आम्ही वाटेच्या वरच्या अंगाला थांबायचो आणि ताराला बसवायचो, कारण अरुंद वाटेवर कुत्र्याला घाबरलेला माणूस दरीकडे सरकतो. दर तासाला थांबून चारही पंजे हातात घेऊन बघत होतो. पुतण्या हसायचा, "काका, परेड चाललीय."

धनगरांच्या घरांच्या अलीकडे, नवाच्या सुमाराला, उजव्या पुढच्या पंजाला चीर दिसली. बारीक. रक्त थेंबभर. तारा लंगडतही नव्हती. समोर संजीवनी माचीचे बुरूज सकाळच्या उन्हात इतके जवळ दिसत होते की दगड मोजावेत. थंड हवा, पाणी भरपूर, दिवस सगळा पुढं. पुतण्या म्हणाला, "काका, पट्टी बांधू आणि जाऊ. दोन-अडीच तासांत वर." तारा राजगडाकडे तोंड करून उभी होती, शेपूट हलवत.

मी म्हटलं, गाडीकडे.

आजी ओट्यावरच होत्या. मी त्यांच्यासाठी पाण्याचा वीस लिटरचा जार खिंडीतून वर मागवला होता, तो ड्रायव्हर आणि नातू घेऊन येत होते. आजींनी मला ओळखलं की नाही, मला कळेना. त्यांनी ताराकडे पाहिलं, मग माझ्या मागं वाटेवर पाहिलं, आणि विचारलं, "आन् त्ये काळं कुठंय?"

मी सांगितलं.

त्या आत गेल्या. एक परात घेऊन आल्या, तीत पाणी ओतलं आणि ती ताराच्या पुढं सरकवली.